शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज आपल्या शहापूर-मुरबाड भागात पाड्यापाड्यावर जाऊन पोहोचला आहे. सकाळी पोर अंगणवाडीत सोडून भाताच्या खाचरात उतरणाऱ्या मातेला तो शब्द कोणी रूढ केला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या मंडळाच्या भगिनींना मात्र ते ठाऊक असावे, असे मनापासून वाटते. कारण हा शब्द आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी, एका स्त्रीच्या कामातून पुढे आला. त्या स्त्रीचे नाव कै. ताराबाई मोडक.

त्यांचे चरित्र या स्मरणिकेत सांगण्यास आणखीही एक कारण आहे. लहान मुलाला आपले घर, आपले गाव, आपला समाज आणि आपला देश यांची ओळख करून द्यायची, तर ती कशाने? छापील पुस्तकाने, भिंतीवरच्या नकाशाने, की मुलाच्या दारात पडलेल्या वस्तूंनी? आणि तुटपुंज्या पगारावर खेड्यात शिकविणाऱ्या शिक्षिकेच्या हाती कोणती साधने द्यायची? हा प्रश्न आपल्या प्राथमिक शाळांपुढे आजही उभा आहे. ताराबाईंच्या आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे या प्रश्नाचा माग काढण्यात गेली.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत कार्यकर्ते. त्यांनी उमाबाई या विधवा स्त्रीशी विवाह केला होता. त्या काळी पुनर्विवाह करणे म्हणजे नात्यागोत्याचा रोष पत्करणे होय. अशा घरात वाढलेल्या मुलीला रूढीपेक्षा विवेक मोठा, हे शिकवावे लागत नाही. ते ती घरातच पाहते. ताराबाईंचे शिक्षण मुंबईत झाले आणि १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. मुलींनी चार बुके शिकावीत की नाही याचा वाद जेव्हा घरोघर चालू होता, तेव्हाची ही गोष्ट आहे.

पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार सुखाचा झाला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या आणि लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या. नवऱ्याचे घर सुटलेल्या स्त्रीकडे समाज त्या वेळी कोणत्या नजरेने पाहत असेल, हे आपल्या वडीलधाऱ्या भगिनींना वेगळे सांगायला नको. त्यांनी काठियावाडात राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद पत्करले. प्राथमिक शाळांसाठी शिक्षिका तयार करणारी ही संस्था होती. ताराबाईंच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे ठरले. मुलाला शिकवायचे तर आधी शिकविणाऱ्या बाईला तयार केले पाहिजे, हा धागा त्यांनी येथे जो हाती धरला तो अखेरपर्यंत सोडला नाही.

राजकोटहून भावनगर काही फार दूर नाही. तेथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाची काळजी करता करता त्यांच्या हाती मॅडम मॉन्टेसोरींचे विचार आले आणि वकिली सोडून ते मुलांत रमले. मुलाला न मारता, न दटावता, त्याच्या हाताला काम देऊन शिकविता येते, हे त्यांनी करून दाखविले. १९२३ साली ताराबाई चांगली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर कामाला आल्या आणि नऊ वर्षे तेथे राहिल्या.

गिजुभाईंचे लक्ष केवळ अडीच-तीन वर्षांच्या बालकांवर नव्हते. प्राथमिक शाळेतील इतिहास-भूगोल कसा शिकवावा, यावरही त्यांचे बारीक लक्ष होते. त्यांच्या दिवास्वप्न या गुजराती पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग हाती घेतो आणि सनावळ्यांची घोकंपट्टी बाजूला ठेवून गोष्टी, खेळ, सहली आणि वस्तूंचा संग्रह यांतून मुलांना शिकवितो. त्या काळच्या शाळेत राजांची नावे आणि नद्यांची नावे सुरात म्हणवून घेतली की इतिहास-भूगोल झाला, अशी समजूत होती. त्या समजुतीला या पुस्तकाने मोठा धक्का दिला. ताराबाई या विचाराच्या जडणघडणीत गिजुभाईंच्या बरोबरीने उभ्या होत्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षणपत्रिकेच्या मराठी आवृत्तीचे संपादन करून ताराबाईंनी हे विचार मराठी मातांपर्यंत आणि शिक्षकांपर्यंत पोहोचविले.

भावनगर सोडून त्या मुंबईस परत आल्या. १९३६ साली दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. तेथे बालमंदिर चालले आणि शिक्षिकांना तयार करण्याचे कामही चालले. १९३९ साली गिजुभाई वारले आणि त्याच वर्षी मॅडम मॉन्टेसोरी भारतात आल्या. गुरुबंधू गेला आणि ज्यांच्या विचारांवर दोघांनी श्रद्धा ठेवली होती त्या आचार्या आपल्या देशात आल्या, असा तो विलक्षण योग होता.

येथवर वाचून एखादी भगिनी म्हणेल की, हे सर्व शहरातील सुस्थितीतल्या घरांपुरते झाले. आमच्या खेड्यांचा यात काय संबंध? हीच शंका त्या काळी अनेकांना येत होती आणि ती रास्त होती. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने मोठी रेखीव असतात. लाकडी दट्ट्यांच्या पेट्या, एकावर एक रचण्याचा मनोरा, लांब-आखूड दांडे, रंगांच्या पट्ट्या, खरखरीत अक्षरे. ही सर्व मापात बनवावी लागतात, कसबी सुताराकडून करून घ्यावी लागतात, म्हणजे पैसा आलाच. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी आणि मॅडम मॉन्टेसोरी यांची भेट झाली, तेव्हाही आपल्या देशातील लक्षावधी गरीब मुलांपर्यंत हे शिक्षण कसे पोहोचावे, हाच प्रश्न गांधीजींच्या मनात होता. ताराबाईंनी तो प्रश्न आपला मानला. व्याख्यानात त्याचे उत्तर देऊन त्या थांबल्या नाहीत. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी मुंबईतला जम बसलेला व्याप मागे ठेवला आणि १९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढले.

त्याच वर्षी त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि शिक्षणाच्या बळावर उभ्या राहिलेल्या अनुताई पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका होत्या. कस्तुरबा निधीच्या बोरिवली येथील शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई बोर्डीस आल्या त्या कायमच्या. एकीचा संसार मोडलेला, दुसरीचा उभाच राहिला नाही. पण दोघींनी मिळून जो संसार मांडला त्यात शेकडो मुले वाढली.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली खरी, परंतु लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. बालवाडीत येत ती बऱ्या स्थितीतल्या घरची मुले. गावकुसाबाहेरच्या वस्तीतील आणि आदिवासी पाड्यांतील मुले येईनात. त्यांना आणून सोडणार कोण? आई-बाप पहाटेच मजुरीला जात. अंगावर धड कपडा नसे. शिवाय वरच्या आळीतील मुलांच्या शेजारी जाऊन बसण्याचा संकोच पिढ्यान् पिढ्यांचा. तेव्हा या दोघींनी ठरविले की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. वस्तीतले एखादे अंगण, एखाद्या झाडाची सावली, हीच शाळेची जागा झाली. तिचे नाव अंगणवाडी. झोपडीझोपडीतून मुले गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखे काढायची, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. हाच तेथला दिवसाचा पाठ होता.

अंगणात शाळा गेली, तेव्हा दादरची लाकडी पेटी तेथे नेऊन चालणार नव्हते. येथे ताराबाईंच्या बुद्धीचा खरा कस लागला. त्यांनी साधन टाकले, पण साधनामागचे तत्त्व टाकले नाही. मुलाने वस्तू हाताळावी, लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे भेद स्वतः ओळखावेत, आपली चूक आपणच सुधारावी, हे ते तत्त्व. त्यासाठी समुद्रकाठचे शंख-शिंपले, नदीतले गोटे, झाडांच्या बिया, पाने, फुले, काड्या, बांबूचे तुकडे अशा फुकटच्या वस्तू कामाला आल्या. त्या वस्तू मुलाच्या ओळखीच्या होत्या, म्हणून त्याला त्यांची भीती वाटत नसे. शिक्षिकेला त्या वाटेवर मिळत, म्हणून हरवल्या वा मोडल्या तरी तिचा जीव धसकत नसे. ज्या शाळेत साधने महाग, तेथे ती कपाटात कुलुपबंद राहतात, हा अनुभव कोणाला नाही?

यात कोणी असा गैरसमज करून घेऊ नये की, दिसेल ते उचलून मुलांपुढे टाकले म्हणजे शिक्षण झाले. वस्तू फुकट असली तरी तिची निवड फुकट होत नाही. कोणती वस्तू आधी, कोणती नंतर; किती एकदम द्यायच्या; त्यातून कोणता भेद दिसावा; हा सर्व विचार शिक्षिकेने आदल्या दिवशी करावा लागतो. म्हणूनच ताराबाईंनी शिक्षिकांच्या तयारीवर एवढा भर दिला. बालसेविकांचे वर्ग हे त्यांच्या कामाचे दुसरे अर्धे अंग होते.

१९५७ साली केंद्राचे काम डहाणूनजीकच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हा ताराबाई पासष्ट वर्षांच्या होत्या. तो सर्व मुलूख वारली लोकांचा. या वारल्यांनी किती सोसले होते, हे ध्यानात घेतल्यावाचून कोसबाडचे महत्त्व कळणार नाही. कर्जापायी पिढ्यान् पिढ्या सावकार-जमीनदाराकडे राबणे आणि वेठीला जाणे त्यांच्या नशिबी होते. १९४५ साली, म्हणजे बोर्डीचे केंद्र निघाले त्याच साली, गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. वेठ गेली, तरी दारिद्र्य एका दिवसात जात नाही. मोठ्यांना मजुरी, मुलांना गुरे राखणे आणि मुलींना धाकटे भावंड कडेवर घेणे चुकले नव्हते. अशा घरातील मूल शाळेत आले नाही, तर त्याला आळशी किंवा मंद म्हणून मोकळे होणे सोपे होते. ताराबाई आणि अनुताईंनी तसे केले नाही. मूल का येत नाही, याचा त्यांनी एकेक करून शोध घेतला आणि प्रत्येक कारणाला एकेक उपाय केला.

मुली भावंडांना सांभाळतात म्हणून येत नाहीत, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. मोठी बहीण वर्गात बसे आणि धाकटे पोर तिच्या नजरेसमोर खेळे. या एकत्रित संस्थेस त्यांनी विकासवाडी असे नाव दिले. मुलगे गुरांमागे जातात म्हणून येत नाहीत, तर शिक्षक कुरणात गेला. गुरे चरत असत आणि झाडाखाली मुले शिकत असत. ही कुरणशाळा होय. जी मुले दिवसभर कामात गुंतलेली, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग निघाले. शाळेची घंटा आणि मुलाच्या घरची गरज यांत भांडण लागले, तर घंटेने माघार घ्यावी, असा हा साधा न्याय होता.

कुरणातील शाळेत भिंत नसते, मग नकाशा टांगणार कोठे? पण तेथून टेकडी, ओढा, रान, पायवाट आणि गाव हे सगळे खरेखुरे समोर दिसते. मूल ज्या वाटेने गुरे नेते त्या वाटेचे चित्र त्याने मातीत काठीने काढले, की तो त्याचा पहिला नकाशा. कोणाच्या घरी कोणते काम चालते, बाजारात काय विकायला जाते आणि काय विकत येते, कोणत्या झाडाचा कोणाला उपयोग, कोणता सण का पाळतात, या गोष्टी मूल आधीच जाणते. शिक्षकाने त्या ओळीने मांडल्या, त्यांना नावे दिली आणि त्यांतून पुढचा प्रश्न काढला, की आज आपल्या शाळांत ज्याला परिसर अभ्यास म्हणतात त्याचा पाया पडतो. ताराबाईंच्या कामाचा मोठा ठेवा माझ्या मते हाच आहे. ज्याला जग अडाणी म्हणते, त्या पाड्यावरच्या मुलाजवळही ज्ञानाची शिदोरी असते. ती सोडून बसल्यावरच पुढचा घास द्यायचा असतो.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या मागे अनुताईंनी कोसबाडचे काम त्याच निष्ठेने पुढे चालविले. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्याही गेल्या. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. बोर्डीच्या एका अंगणातला शब्द असा देशभर गेला. २०१४ साली जिल्ह्याची विभागणी होऊन बोर्डी आणि कोसबाड पालघर जिल्ह्यात गेली. कागदावर जिल्हा निराळा झाला, तरी ही पुण्याई आपल्याही वाट्याची आहे.

आता आपल्याकडे वळू. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशा अनेक समाजांची मुले एकाच शाळेत शेजारी बसतात. त्यांना समाजाची ओळख करून देण्यासाठी साधने दूरवरून आणण्याची गरज आहे काय? पाण्याचेच उदाहरण घ्या. घरातला हंडा, पाड्याची विहीर, मग ओढा, मग नदी, मग तानसा धरण, अशी साखळी मुलाने पायरीपायरीने जोडावी. तानसाचे पाणी मुंबईस १८९२ साली, म्हणजे ताराबाईंच्या जन्मसालीच, जाऊ लागले. त्या धरणाजवळच्या तालुक्यात उन्हाळ्यात कित्येक पाड्यांना टँकरची वाट का पाहावी लागते, हा प्रश्न चौथीतले मूल विचारील. शिक्षिकेने तो टाळू नये. एका हंड्यापासून निघून मूल महानगरापर्यंत आणि हक्कापर्यंत जाऊन पोहोचले, तर त्याहून चांगला नागरिकशास्त्राचा पाठ कोणता?

इतिहासाचेही तसेच. शहापूरच्या मुलाला माहुलीचा गड अंगणातून दिसतो. १६३६ साली शहाजीराजांनी निजामशाही वाचविण्याची अखेरची झुंज तेथे दिली. मुरबाडच्या मुलाला नाणेघाट ठाऊक असतो. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणारा हा सातवाहनांच्या काळचा व्यापारी मार्ग. तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. त्या रांजणापासून आरंभ करून आठवड्याच्या बाजारातील पावतीपर्यंत यावे, म्हणजे कर कशाला म्हणतात हे व्याख्या न घोकता कळेल. म्हसेच्या यात्रेत बैलांचा आणि घोंगड्यांचा बाजार भरतो. तो व्यापाराचा पाठ आहे. सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले. तो स्वातंत्र्यलढ्याचा पाठ आहे.

मात्र एक सावधगिरी ठेवली पाहिजे. जवळच्या गोष्टीपासून आरंभ करायचा तो तेथेच थांबण्यासाठी नव्हे. पाड्यावरच्या मुलाला पाड्याचेच ज्ञान पुरे, असे कोणी म्हणू लागेल तर ते त्या मुलावर अन्यायाचे होईल. कोसबाडच्या कुरणात शिकलेल्या मुलाने पुढे मोठी पुस्तके वाचावीत, हाच तेथल्या श्रमांचा हेतू होता. अंगण हा उंबरठ्याबाहेरचा पहिला टप्पा आहे. तेथून रस्ता सुरू होतो.

या कामात आपल्या मंडळाला करण्याजोगे पुष्कळ आहे. शाळेतील बाई एकट्या कोठे कोठे हिंडणार? आपल्या प्रत्येकीच्या घरी माळ्यावर काही ना काही पडून आहे. अधोली आणि पायलीची मापे, बांबूचे इरले, जुनी कणगी, जात्याची एक तळी, दगडी दिवा, एखादे जुने रेशनकार्ड. ही सर्व साधनेच होत. त्यांना चिठ्ठी लावून, कोणाच्या घरची, कशासाठी वापरीत, केव्हा बंद झाली, एवढे लिहून शाळेच्या एका फळीवर मांडले, तर वर्षभर पुरेल एवढा पाठ तयार होईल. आणि सर्वांत मोलाचे साधन तर कोणत्याच माळ्यावर सापडणार नाही. ते म्हणजे आपल्या आजी आणि सासूबाई. वीज येण्यापूर्वी घर कसे चाले, दवाखाना किती कोसांवर होता, मुलींना शाळेत का पाठवीत नसत, पहिली एस.टी. गावात आली तेव्हा काय झाले, हे त्यांच्याइतके कोणाला सांगता येईल? महिन्यातून एक दुपार अशी एखादी वृद्ध भगिनी शाळेच्या वर्गात जाऊन बसली आणि मुलांनी तिला प्रश्न विचारले, तर त्यासाठी ना पैसा लागेल, ना सरकारी परवानगीचा खटाटोप. बाईंना आधी सांगून ठेवले म्हणजे झाले.

ताराबाई मोडकांना वाहण्याची श्रद्धांजली म्हणून येत्या वर्षात आपल्या मंडळाने एका शाळेत अशी एक फळी भरून द्यावी, असे सुचवावेसे वाटते. पहिली वस्तू कोणाच्या घरून येते, ते पाहू.